प्रोस्टेटचा कर्करोग : निदान, उपचार आणि विवेक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे आपणांपैकी काहींस वाटेल. लघवीच्या तक्रारी पुरुषाने घरात सांगू नयेत, आणि सांगितल्याच तर ‘वय झाले’ एवढ्यावर त्यांची वासलात लावावी, अशी आपल्या घरांतून रीत पडली आहे. परंतु कार्यकारी मंडळापुढे सध्या एक सूचना आहे : पन्नाशीपुढील सर्व ज्ञातिबांधवांच्या रक्ताची प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी विनामूल्य तपासणी करणारे शिबिर भरवावे. सूचनेमागील हेतू उदात्त आहे ह्यात शंका नाही. मात्र ती स्वीकारण्यापूर्वी संशोधनाने ह्या रोगाविषयी काय शिकविले आहे हे आपण पाहिले पाहिजे. म्हणून भीड बाजूस ठेवून मी बोलणार आहे.

प्रोस्टेट, अथवा शास्त्रीय परिभाषेत अष्ठीला ग्रंथी, ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली, तरुणपणी आक्रोडाएवढी ग्रंथी होय. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते. धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही लक्षणे बहुधा ह्या निरुपद्रवी वाढीची असतात. त्यांनाच कर्करोग समजून कोणी हाय खाऊ नये. खरा कर्करोग प्रारंभी बहुधा काहीच लक्षण दाखवीत नाही. तो हाडांत पसरला म्हणजे कंबर व पाठ दुखू लागते, आणि तेव्हा तो समूळ बरा होण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. उलटपक्षी, पुष्कळ वृद्धांच्या शरीरात हाच रोग इतक्या संथ गतीने वाढतो की मनुष्य अन्य कारणाने देवाघरी जातो आणि ह्या रोगाचा त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मांजर वाघाची मावशी खरी. पण मांजर पाहून कोणी बंदूक काढीत नाही. दारात आलेले जनावर कोणते हे ओळखणे, हाच ह्या रोगातील खरा प्रश्न आहे.

उपचारांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९३८ साली अमेरिकेत गटमन दांपत्याने दाखविले की, हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रोग्यांच्या रक्तात ‘अॅसिड फॉस्फेटेज’ नावाचे द्रव्य वाढलेले असते. १९४१ मध्ये शिकागो विद्यापीठातील डॉ. चार्ल्स हगिन्स ह्यांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. रोग्याची वृषणे शस्त्रक्रियेने काढली, अथवा स्त्री-अंतःस्राव दिला, म्हणजे ते द्रव्य उतरते. पुरुष-अंतःस्राव टोचला म्हणजे ते चढते, असे त्यांस आढळले. अंथरुणास खिळलेल्या कित्येकांच्या वेदना शमल्या. कर्करोग हा स्वतंत्र बंडखोर आहे, शरीराच्या कोणत्याही आज्ञेस तो जुमानीत नाही, ही समजूत त्या दिवसापासून ढासळली. १९६६ साली हगिन्स ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा उपचार रोगाचे निर्मूलन करीत नाही. काही काळाने रोग पुन्हा डोके वर काढतो. तथापि २००४ मध्ये डोसेटॅक्सेल, २०११ मध्ये अॅबिराटेरोन अशी एकेक औषधे पसरलेल्या रोगावर मान्यता पावली आणि रोग्याच्या आयुष्याची दोरी काहीशी लांबली.

आता निदानाकडे वळू. १९७९ साली बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत प्रोस्टेटमधून एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याला संक्षेपाने पी. एस. ए. म्हणतात. रक्तातील त्याचे प्रमाण मोजणारी परीक्षा अमेरिकन शासनाने १९८६ मध्ये रोग्याच्या देखरेखीसाठी व १९९४ मध्ये निदानाच्या साहाय्यार्थ मान्य केली. पण हे प्रथिन कर्करोगाचे नसून ग्रंथीचे आहे. निरुपद्रवी वाढीत किंवा जंतुसंसर्गातही ते चढते. आणि ते कमी असले म्हणजे रोग नाहीच, असेही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा आकडा ४ किंवा त्याहून कमी होता अशा २,९५० पुरुषांची सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासणी केली, तेव्हा शेकडा १५ जणांत कर्करोग सापडला.

मग सरसकट परीक्षा केल्याने प्राण वाचतात काय? ह्याचे उत्तर तर्काने मिळत नाही. त्यासाठी माणसांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घ्यावा लागतो. युरोपातील काही देशांत ५५ ते ६९ वर्षांच्या सुमारे १,६२,००० पुरुषांवर असा अभ्यास झाला. २००९ साली त्याचा निष्कर्ष असा की, तपासणी झालेल्या गटात ह्या रोगाचे मृत्यू शेकडा २० ने घटले; परंतु एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांची तपासणी व ४८ अधिक जणांवर उपचार करावे लागले. २०२५ मध्ये तेवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. घट शेकडा १३ भरली. तपासणीस बोलाविलेल्या ४५६ जणांमागे एक मृत्यू टळला आणि त्यासाठी १२ अधिक पुरुषांच्या कपाळी कर्करोगाचे निदान आले. अमेरिकेत सुमारे ७६,००० पुरुषांवरील अभ्यासात फरक दिसला नाही. पण तेथे तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील पुष्कळांनी ही परीक्षा परस्पर करून घेतली होती, म्हणून त्या निष्कर्षाचे वजन कमी झाले.

म्हणजे लाभ खरा आहे, पण लहान आहे. आणि त्याची किंमत कोणी तरी मोजतो. शस्त्रक्रियेने मूत्रावरील ताबा सुटू शकतो, वैवाहिक सामर्थ्य जाऊ शकते. किरणोपचाराने आतड्यांस इजा होऊ शकते. ज्याचा रोग मांजराच्याच जातीचा होता, त्याने हे सारे विनाकारण भोगले.

ह्याच ठिकाणी ब्रिटनमधील एका अभ्यासाने मोठा दिलासा दिला. तेथे १९९९ ते २००९ ह्या काळात ८२,००० हून अधिक पुरुषांची परीक्षा झाली आणि रोग ग्रंथीपुरताच असलेल्या १,६४३ जणांची तीन गटांत वाटणी झाली : एकास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास किरणोपचार, तिसऱ्यावर केवळ डोळ्यांत तेल घालून नजर. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, ह्या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा २.२, २.९ आणि ३.१ आढळले. नजर ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते व पुष्कळांना पुढे उपचार घ्यावेच लागले, हे खरे. तरीही सौम्य रोग्यास विचार करण्यास सवड असते, हे त्यातून सिद्ध झाले. ‘कर्करोग म्हटले की उद्याच कापा’ हा घरोघरचा आग्रह येथे लागू पडत नाही.

वाघ आणि मांजर ओळखण्याची साधनेही सुधारली आहेत. १९६६ साली डॉ. डोनल्ड ग्लीसन ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखालील पेशींच्या रचनेवरून रोगाची प्रत ठरविण्याची जी पद्धत मांडली, ती सुधारित रूपात आजही वापरतात. २०१७ साली ५७६ पुरुषांवरील एका ब्रिटिश अभ्यासात, सुई घालण्यापूर्वी चुंबकीय चित्रण केल्यास शेकडा २७ जणांस सुई टाळता येईल, असे दिसले. आपल्या मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयानेही ह्या ज्ञानात भर घातली आहे. रोग पसरण्याचा धोका मोठा असलेल्या २२४ रोग्यांच्या तेथील अभ्यासात, केवळ ग्रंथीऐवजी ओटीपोटातील लसीका-ग्रंथींवरही किरण दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी आकडा न चढलेल्यांचे प्रमाण शेकडा ८१ वरून ९५ वर गेले. एकूण आयुर्मानात मात्र तोवर फरक दिसला नव्हता. ह्या रोग्यांनी स्वखुशीने नाव दिले म्हणूनच हे ज्ञान हाती आले. ‘आमच्यावर प्रयोग करतात’ असे म्हणून पाठ फिरविण्यापूर्वी ह्याचे स्मरण ठेवावे.

आता शिबिराविषयी माझे स्पष्ट मत सांगतो. एका सकाळी दोनशे जणांचे रक्त घ्यावे, आठ दिवसांनी आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटाव्या आणि मंडळाने हात झटकावे, ह्याने हित होण्यापेक्षा घबराट अधिक होईल. त्याऐवजी मंडळाने सल्ल्याची व्यवस्था करावी. ५५ ते ६९ वर्षांच्या प्रत्येकाने लाभ-हानी समजून घेऊन ही परीक्षा करावी की नाही हे स्वतः ठरवावे. ज्याच्या पित्यास किंवा भावास हा रोग झाला, त्याने डॉक्टरांशी त्याहून लवकर बोलावे, कारण त्याचा धोका अंदाजे दुप्पट असतो. सत्तरीपुढील ज्येष्ठांनी केवळ रीत म्हणून ही परीक्षा करू नये. परंतु लघवीतून रक्त जाणे, लघवी तुंबणे, हाडांचे न थांबणारे दुखणे, ह्यांपैकी काहीही झाल्यास वय न पाहता त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. शिबिराकरिता काढावयाचा निधी गरजू कुटुंबांतील रोग्यांचे चित्रण, तपासणी आणि मुंबईतील मुक्काम ह्यांसाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

भगिनींस एकच सांगणे. घरातील वडीलधारी माणसे ह्या विषयावर गप्प बसतात, आणि रात्रीचे त्यांचे उठणे प्रथम आपल्याच ध्यानात येते. तेव्हा त्यांस आपणच बोलते करावे. संकोचापायी उशीर होऊ नये आणि भीतीपायी घाई होऊ नये, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.