जुन्या बाजारातील खिळे



विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना वाटले असेल की आज सुतारकामाबद्दल बोलणे होणार. तसे नाही. छापखान्याचे खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, आणि त्यांच्या सोबतीचे सामान, केस, स्टिक, गॅली, लाकडी अक्षरे, ब्लॉक, हे जुन्या बाजारात शोधीत हिंडणारे आज पुष्कळ निघाले आहेत. कोणी चित्रकार असतो, कोणी हौशी मुद्रक, कोणाला दिवाणखान्याची नुसती शोभा हवी असते. आम्हीही हिंडतो. छापखान्यातील कामगारांची संघटना करता करता जे सामान आमच्या डोळ्यांदेखत मोडीत गेले, ते पुन्हा कोठे निघते याचा माग ठेवण्याची आम्हांला खोड आहे.

मुंबईत यासाठी चोरबाजारात जावे. मटन स्ट्रीटवरील दुकाने शुक्रवारी बंद असतात, आणि नेमका त्याच दिवशी रस्त्यावर फुटकळ मालाचा बाजार मांडतात. आपल्या कामाचा दिवस तो. दुकानातली वस्तू तेलपाणी होऊन आधीच ‘ब्रिटिशकालीन’ झालेली असते. रस्त्यावरच्या ढिगात ती आली तशी पडलेली असते, आणि जुन्या सामानाची निम्मी ओळख त्याच्या मळात असते. शाई कुठे वाळली आहे, केसच्या कोणत्या खणाची कड बोटांनी झिजली आहे, हे पुसून टाकल्यावर मग काय पाहायचे?

केसचेच घ्या. ती रिकामी करून भिंतीवर टांगतात, खणाखणांत चिमुकले हत्ती-घोडे ठेवतात. खण लहानमोठे का, असे एका गिऱ्हाइकाने विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, ‘नक्षी आहे, साहेब!’ नक्षी कसली! जे अक्षर वारंवार लागते त्याचा खण मोठा आणि हाताजवळ; जे क्वचित लागते ते कोपऱ्यात. म्हणून इंग्रजी केसमध्ये ‘ई’चा खण सर्वांत ऐसपैस. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी होतात; इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा मराठी जुळाऱ्याला कितीतरी अधिक खण पाठ करावे लागत. ही संख्या कमी कशी करावी याच्या खटपटीत खुद्द लोकमान्य टिळकांनीही डोके घातले होते. तेव्हा भिंतीवरची ती रिकामी केस हा एका माणसाच्या हाताच्या येरझारांचा नकाशा आहे.

बाजारात खिळे एकेक विकतात. लोक आपल्या नावाचे आद्याक्षर शोधतात आणि किल्लीच्या जुडग्याला लावतात. त्यांच्यावर आमचा राग नाही. हौसेला मोल नसते. परंतु खिळ्यांचा संच हा कुटुंबासारखा असतो. त्यातले पन्नास ‘र’ गेले की उरलेल्या हजारो खिळ्यांत एक पान जुळत नाही, आणि मग तो संच शिशाच्या भावाने वितळतो. पंचवीस-तीस वर्षांत जेवढे खिळे ऑफसेटने रिकामे केले, त्यांतले पुष्कळ असेच गेले. ट्रेडल यंत्रे त्या मानाने तरली. नंबर घालायला, घडीची रेघ पाडायला, खोकी कापायला त्यांचा उपयोग होत राहिला.

हे मोडीत जाणे कसे घडते, त्याचे एक उदाहरण. एका जिल्ह्याच्या गावी छापखाना बंद झाला. मालकाने ऑफसेट घेतले आणि जुळाऱ्यांना घरी बसविले. 1972 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असली, तर पाच वर्षे नोकरी झालेल्यास वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने उपदान देणे भाग होते. मालकाच्या हजेरीपत्रकावर माणसे नऊ! प्रत्यक्षात चौदा होती. पाच जणांच्या उचलीच्या चिठ्ठ्या आम्ही गोळा केल्या, तेव्हा मालक तडजोडीस आला, पण म्हणाला, ‘रोकड नाही, खिळे घ्या.’ त्याने भाव लावला नव्या मालाचा. भंगारवाला सांगे शिशाचा. या दोन भावांमध्ये चौदा संसार अडकले होते.

सोडवणूक केली ती एका वयस्क जुळाऱ्याने. शाळा त्याची चौथीपर्यंत. तो जमिनीवर बैठक मारून बसला आणि दोन दिवसांत त्याने मालाच्या तीन राशी केल्या. खिळे ओळीने उभे करून त्यांच्या तोंडावर पट्टी धरली की झिजलेला खिळा तिला टेकत नाही, खालून उजेड दिसतो. अंगावरच्या खाचेवर अंगठा फिरविला की परक्या संचाचा खिळा डोळे मिटूनही कळतो, कारण खाच जुळत नाही. काही खिळ्यांच्या कुशीवर ओतशाळेची लहानशी गोल खूण असते, तीही त्याने पाहिली. पूर्ण आणि धड संच तालुक्याच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याने घेतले, उरलेले शिसे म्हणून गेले. मालकाचा भाव आला नाही, पण भंगाराच्या भावापेक्षा बराच वर आला.

माल तोच, वजन तेच. ओळखणारा माणूस बसला म्हणून किंमत वाढली. याचे आम्हांला नवल वाटत नाही. मराठी खिळ्यांचा इतिहासच अशा माणसांनी घडविला आहे. जावजी दादाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासणारे पोर म्हणून लागले. त्यांनी 1864 साली स्वतःची ओतशाळा काढली, 1869 साली निर्णयसागर छापखाना उभारला, आणि त्या छापखान्याच्या अक्षरांची ख्याती देशभर झाली. ती अक्षरे पोलादावर कोरली राणोजी रावजी आरू यांनी. बाजारात ‘हा निर्णयसागरचा खिळा’ म्हणून दाम चढविणारे भेटतात. कुशीवरची खूण दाखव म्हणावे. बहुधा तो विषय बदलतो.

आता घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. खिळ्यांवर पांढरी पूड धरलेली दिसली तर फुंकर मारू नका, मुलांच्या हाती देऊ नका. ते शिशाचे किटण आहे, विषारी आहे. हात धुतल्यावाचून भाकरीला हात लावू नये, ही जुन्या जुळाऱ्यांची शिस्त होती. ती ज्यांनी पाळली नाही, किंवा ज्यांना हात धुवायला मालकाने पाणीच ठेवले नाही, त्यांच्या पोटदुख्या आम्ही पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट पैशाची. बाजारातली केस बहुधा खिचडी झालेली मिळते. तीन-चार संच एकात मिसळलेले. ती निवडण्याचे काम घरी बसून तुमच्याने होणार नाही. तुमच्या गावात कोठेतरी एखादा जुळारी अजून असेल, रखवालदारी करीत असेल किंवा नातवंडे सांभाळीत असेल. त्याला बोलवा, आणि ‘आजोबा, जरा बघता का’ म्हणून चहावर भागवू नका. मिसळलेली केस लावायला दोन-तीन दिवस सहज लागतात. त्या दिवसांची कुशल कामगाराची पुरी मजुरी, केसच्या किमतीबरोबरच, बाजारात घासाघीस करण्याआधी हिशेबात धरा.