पाळीचा तक्ता वाचू या
(कामगार स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)

‘पाळी’ म्हटलं की आपल्या गटात आधी हसू फुटतं. महिन्याच्या पाळीबद्दल आपण बोलायला शिकलो. आज कारखान्यातल्या पाळीबद्दल बोलू या. तीही शरीरावरच येते, आणि तिच्याबद्दलही ‘चालायचंच’ म्हणून आपण गप्प बसतो.

मी वस्तीत काम करते. फिरत्या पाळ्यांतल्या बायका डोकेदुखी, पित्त, चिडचिड, झोप नाही, अशा तक्रारी घेऊन येतात. मी आधी विचारते: या आठवड्यात कुठली पाळी? गेल्या आठवड्यात कुठली होती?

का, ते हिशेबानं पाहू. समजा फर्स्ट सकाळी 7 ते 3, सेकंड 3 ते रात्री 11, थर्ड 11 ते सकाळी 7. फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड, हा सुलटा फेरा. फर्स्टची बाई शनिवारी 3 ला सुटली, रविवारी सुट्टी, सोमवारी 3 ला कामावर: मध्ये 48 तास. उलट्या फेऱ्यात सेकंडनंतर फर्स्ट. ती शनिवारी रात्री 11 ला सुटते आणि सोमवारी सकाळी 7 ला हजर: 32 तास. सुट्टी तीच, पगार तोच, पण विश्रांतीचे 16 तास गेले. सुट्टी मध्ये न येता पाळी बदलली, तर सुलट्यात 24 तास मिळतात, उलट्यात फक्त 8. त्यातच जाणं-येणं, पाणी, डबे, मुलांची शाळा. घरची ही चौथी पाळी कुठल्याच तक्त्यात नसते. झोप किती उरली, तुम्हीच मोजा.

शिवाय माणसाच्या शरीरातलं घड्याळ बहुधा 24 तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं. झोप पुढे ढकलणं त्याला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. म्हणून सुलटा फेरा त्यातल्या त्यात सोसवतो. रात्रपाळी मात्र जडच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 साली आणि पुन्हा 2019 साली तिला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं. हे पुरुषांनाही लागू आहे.

आता कायदा. 1948 च्या कारखाना कायद्यानं बाईला रात्री कामावर ठेवायला मनाई केली होती. संरक्षणाच्या नावाखाली तिला नोकरी नाकारणंही त्यामुळे सोपं झालं, असं मला वाटतं. मद्रास उच्च न्यायालयानं 2000 साली ती मनाई घटनाबाह्य ठरवली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 पूर्वी बाईला कामावर ठेवता येतं. पण तिची संमती लागते, सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात.

जुनी मनाई परत यावी असं मी म्हणत नाही. मी विचारते, संमती नेमकी कशाला? कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची आणि पाळी आदल्या दिवशी सांगायची, याला संमती कसं म्हणायचं?

म्हणून मागण्या तीन. तक्ता महिनाभर आधी लागावा. फेरा सुलटा असावा. दोन पाळ्यांत किमान 11 तास मिळावेत. युरोपीय संघाच्या नियमात तेवढे आहेत. या मागण्या बाया-पुरुष सगळ्यांसाठी करू या, म्हणजे ‘बायकांची कटकट नको’ म्हणून आपल्यालाच काढायला निमित्त उरणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना गेल्या महिन्याच्या आपल्या पाळ्या कागदावर लिहून आणा. लिहिता येत नसेल तिला शेजारणीनं मदत करावी. सगळ्यांचे कागद एकत्र ठेवू, तास मोजू, आणि तो हिशेब घेऊन मिळूनच साहेबांकडे जाऊ.