वाकलेल्या तंतूतला प्रकाश

चेन्नईजवळचं ओरगडम मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथे आता वैद्यकीय उपकरणांचं उद्यान मंजूर झालंय. तिथे काय घडावं? मला वाटतं, प्रकाशीय जैवसंवेदक, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने रोगाच्या खुणा ओळखणारी साधनं! आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी ‘यू’सारख्या वाकवलेल्या प्रकाशतंतूवर सोन्याचे नॅनोकण बसवून असा संवेदक घडवला; 2009 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. वळणावर प्रकाश किंचित बाहेर डोकावतो. कणांवर लावलेल्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) रोगाचं प्रथिन चिकटलं, की प्रकाशाचं शोषण बदलतं. तेच मोजायचं. प्रत्येक तंतूवर वेगळं प्रतिपिंड लावलं, तर एकाच नमुन्यात अनेक आजारांच्या खुणा शोधता येतात. या कामातले व्ही. व्ही. राघवेंद्र साई पुढे आयआयटी मद्रासमध्ये असेच संवेदक घडवू लागले. प्रकाशाला साधा एलईडी पुरतो. म्हणूनच असं यंत्र खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचायलाच हवं.