हायड्रॉक्सी, ॲव्हरेज आणि हुपरी



विषय जाहीर झाल्यापासून मला एकच विचारणा होतेय : ‘सर, किट कुठं मिळंल?’ म्हणजे अर्ध्या सभागृहाचा निकाल आधीच लागलाय. (हशा)

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, हे शाळेत झालंय; पुढं जातो. हे दोन्ही वेगळे न करता तसेच, म्हणजे ‘हायड्रॉक्सी’ वायू म्हणून, इंजिनाच्या हवेच्या नळीत सोडायचे, की ॲव्हरेज वाढतं, असा किटवाल्यांचा दावा आहे.

जाहिरात म्हणते, लिटरभर पाण्यात गाडी हजार किलोमीटर जाते. खरं आहे! मिनिटाला एक लिटर वायू काढला तर तेवढं पाणी तीस तास पुरतं. पण मग वायू किती थोडा, ते बघा. ताशी ६० च्या वेगानं, लिटरला १५ देणारी गाडी तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे सुमारे ३५ किलोवॅट. आपल्या वायूचे होतात १२० वॅट! आणि तो काढायला १४ व्होल्टला १५ अँपिअर, दोनशे वॅट वीज लागते. ती देतो अल्टरनेटर, त्याला फिरवतं इंजिन, आणि दोघांचीही गळती मोठी. दोनशे वॅटसाठी हजारावर वॅटचं पेट्रोल गेलं की हो!

मागच्या रांगेतले उद्यमनगरचे पाहुणे हात वर करतायत. ‘माझ्या गाडीला फरक पडलाय.’ पडला असेल. मी काही तेलकंपन्यांचा माणूस नाही, चिडू नका. पण किटाबरोबर एक छोटी डबी आली होती ना? आली होती. तिथंच गंमत आहे. इंजेक्शनच्या गाडीत धुराच्या नळीतला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो. ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. ही डबी सेन्सरचा निरोप बदलते. ईसीयूला वाटतं पेट्रोल जास्त झालंय, मग तो हात आखडतो. कार्बोरेटरच्या काळात आपले मिस्त्री स्क्रू पिळून गाडी लीन करायचे, तेच हे. पाणी ओतून टाका आणि डबी ठेवा, फरक तसाच दिसेल. नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, भार पडला की इंजिन तापतं, ते वेगळंच.

अमेरिकेतल्या स्टॅन्ली मेयरनं तर पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा केला होता. १९९६ साली ओहायोच्या न्यायालयानं ती उघड फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करायला लावले. त्याच साली आपल्याकडं तमिळनाडूचे रामर पिळ्ळै पाल्यापासून पेट्रोल काढल्याचं सांगत होते. त्यांना २०१६ ला शिक्षा झाली. असो.

खरं तर मी आलोय वेगळ्याच कारणानं. हा वायू वाईट नाही हो, त्याला चुकीच्या ठिकाणी बसवलंय! त्याची ज्योत दोन हजार आठशे अंशांपर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या नाटकांत चुन्याच्या खड्यावर हीच ज्योत धरायचे. खडा असा पांढराशुभ्र पेटायचा की नटाच्या चेहऱ्यावरची घडी न् घडी दिसायची. ‘लाइमलाइट’ तो हाच. आता आपलं कोल्हापूर नाटकाचं गाव. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा घडवला. त्यांच्या हाती ही ज्योत लागली असती तर... हो, हो, चिठ्ठी दिसली. दहाच मिनिटं? बरं.

तर माझं कारण म्हणजे हुपरी, आपलं चांदीचं गाव. चांदीच्या पैंजणाच्या कडीला डाग द्यायला बारीक, टोकदार ज्योत लागते. पाण्यापासून तशी ज्योत देणारी दागिन्यांची यंत्रं बाजारात मिळतात. सिलिंडरचा साठा नको. बटण बंद केलं की वायूही बंद. इथं वीज थेट उष्णतेच्या कामी येते, अल्टरनेटरचा फेरा नाही. गेली काही वर्षं मी भेटेल त्याला हे सांगतोय, घरचेसुद्धा कंटाळलेत. (हशा)

‘स्फोट होतो का?’ असं एका चिठ्ठीत विचारलंय. होतो! या मिश्रणाला बाहेरच्या हवेची गरजच नाही, ज्योत नळीतून मागं पळते. म्हणून वाटेत पाण्याची बाटली जोडायची आणि वायू साठवायचा नाही. हुपरीचं कुणी आलं असेल तर खाली थांबा, जोडणी कागदावर काढून देतो. उद्यमनगरकरांनीही यावं, डबी घेऊन.