गर्भवतीची चटई आणि तिचा वेळ
(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



१९८२ साली अमेरिकेत एक व्हिडिओ कॅसेट बाजारात आली. घरच्या घरी करावयाचा व्यायाम तीत अभिनेत्री जेन फोंडा यांनी शिकविला होता. किंमत सुमारे साठ डॉलर, म्हणजे त्या काळी चैनीचीच. तरीही ती लाखो घरांत गेली आणि पुढच्याच वर्षी गर्भवती व बाळंतिणींसाठी फोंडा यांची स्वतंत्र कॅसेट निघाली. या घटनेची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. फोंडा आणि त्यांचे तेव्हाचे पती टॉम हेडन कॅलिफोर्नियात ‘आर्थिक लोकशाही’साठी एक राजकीय मोहीम चालवीत होते. त्या मोहिमेला पैसा हवा होता, म्हणून व्यायामाचा हा उद्योग सुरू झाला. पुढे मोहीम ओसरली. उद्योग मात्र जगभर पसरला.

आज ती कॅसेट नाही, तिची किंमतही नाही. गर्भवतीसाठी योगासने दाखविणाऱ्या असंख्य चित्रफिती मोबाइलवर फुकट मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडले तेव्हा अनेक घरांत त्यांचाच आधार होता. आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही एखादी सून दुपारी दार लोटून, फोन उशीला टेकवून आसने करताना आढळते. याकडे पाहण्याच्या दोन रीती कार्यकर्त्यांत दिसतात. कोणी याला सुखवस्तू घरचे खूळ म्हणून हसतो. कोणी ‘आपली प्राचीन विद्या’ म्हणून मान डोलावतो. दोन्ही रीतींत विचार करण्याचे कष्ट टाळलेले आहेत.

प्रथम यातले खरे काय ते स्वीकारले पाहिजे. गरोदर स्त्री म्हणजे आजारी स्त्री नव्हे. प्रकृतीत गुंतागुंत नसेल तर तिने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकाच दम लागावा, ही त्याची सोपी कसोटी. योगासनांनी कंबरदुखी कमी होते, झोप सुधारते, मनावरचा ताण हलका होतो, असे अनुभव आहेत आणि काही अभ्यासही आहेत. मात्र त्यांतले बरेच अभ्यास लहान आहेत. ‘हमखास नैसर्गिक प्रसूती’ किंवा ‘बुद्धिमान बाळ’ अशी ग्वाही त्यांतून कोणी देऊ लागला, तर तो विज्ञान सांगत नसून माल विकत आहे, असे समजावे.

महाराष्ट्राला या विषयाची स्वतःची परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा प्रघात पाडला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार आणि त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी खुर्ची, लोड, दोर, भिंत यांचा आधार देऊन प्रत्येक शरीराला झेपेल असे आसन बसविण्याची पद्धत विकसित केली. गीताताईंनी तर स्त्रियांच्या आणि गर्भवतींच्या साधनेचा विशेष विचार केला. या दोन्ही परंपरांचा गाभा एकच आहे: आधी समोरचे शरीर पाहावे, मग आसन सांगावे.

चित्रफितीची मर्यादा नेमकी येथे आहे. ती दाखवू शकते, पाहू शकत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोट पुढे येते तसा शरीराचा तोल बदलतो. संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात. ताण कोठे थांबवावा हे शरीराला नेहमीसारखे कळत नाही आणि आसन ‘छान जमले’ असे वाटतानाच सांधा दुखावतो. गर्भ मोठा झाल्यावर बराच वेळ उताणे निजले, तर पाठीच्या कण्यालगतची मोठी नीला दाबली जाऊन हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि घेरी येऊ शकते; म्हणून शवासनही कुशीवर करावयाचे. पोटावर निजून करावयाची आसने, पोटाला पीळ देणारी आसने, शीर्षासनासारखी उलटी आसने, दीर्घ कुंभक, कपालभाती, भस्त्रिका, कोंदट तापलेल्या खोलीतला व्यायाम, हे सारे टाळावयाचे. भिंतीच्या आधाराने ताडासन, पाठ टेकून बद्धकोनासन, मांजरीसारखी पाठ वरखाली करणारे मार्जारासन, शांत दीर्घ श्वसन, एवढ्यानेही बहुतेकींचे भागते.

चांगल्या चित्रफितीत हे सांगितलेलेही असते. परंतु ज्या स्त्रीची वार खाली सरकलेली आहे, जिचा रक्तदाब चढला आहे, जिच्या गर्भाशयाचे मुख कमकुवत आहे, तिला पडद्यावरची शिक्षिका ओळखत नाही. अंगावरून रक्त वा पाणी जाणे, छातीत दुखणे, भोवळ, तीव्र डोकेदुखी, पोटरीला सूज व वेदना, वेळेआधी कळा, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तत्क्षणी थांबवून दवाखाना गाठावयाचा असतो. हे सांगणारे माणूस जवळ लागते. शिवाय या फुकट वस्तूची किंमत दुसऱ्या मार्गाने वसूल होते. पाहणारीचे लक्ष हाच येथला माल असून तो जाहिरातदारांना विकला जातो. आसनामागून पौष्टिक भुकटी येते, तिच्यामागून गर्भसंस्काराचा महागडा वर्ग येतो आणि शेवटी उरते एक धास्ती: आपण हे केले नाही, तर बाळात काही उणे राहील. उणे राहिले तर दोष आईचा. पैसा बाजाराकडे आणि अपराध बाईकडे, अशी ही वाटणी आहे.

आता याहून मोठ्या प्रश्नाकडे वळू. ही चित्रफीत कोणाला गृहीत धरते? तिला एक रिकामी खोली लागते, चाळीस मिनिटे लागतात, स्वतःचा फोन लागतो आणि पोटात अन्न लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के, तर स्त्रियांचे अवघे ३३.३ टक्के आढळले. त्याच पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी होत्या. ज्या बाईला जिना चढताना धाप लागते, तिला आसनांआधी लोहाची गोळी आणि पुरेसे जेवण हवे.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रीचा दिवस पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल घेतलेली. पहाटे फडावर जायचे, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढायचे. सातव्या महिन्यातही हेच. ‘आमच्या जुन्या बायका शेतात राबत आणि सुखरूप बाळंत होत’ असे म्हणणाऱ्यांनी जुन्या काळी किती जणी सुखरूप नव्हत्या, हेही विचारावे. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात थांबण्याचा अधिकार करणारीकडे असतो. फडावर तो मुकादमाकडे असतो. जड ओझी आणि दीर्घकाळ उभे राहणे यांचा मुदतीपूर्वीच्या प्रसूतीशी काहीसा संबंध असल्याचे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी आणि गर्भारपण यांमुळे पडणारा खाडा जिथे परवडत नाही, तिथे स्त्रीचे शरीर कसे हिशेबात धरले जाते, हे त्या आकड्यांत दिसते. या बाईला वाकण्याचा व्यायाम नको आहे. तिला मजुरी न बुडता निजायला मिळायला हवे.

याच्या उलट, कार्यालयात नऊ तास खुर्चीवर बसणाऱ्या गर्भवतीला हालचाल खरोखरच हवी आहे आणि तिच्यासाठी ती चटई उपयोगी आहे. तिचा उपहास करून फडावरच्या बाईचे काहीच भले होत नाही. दोघींना हवी असलेली वस्तू एकच आहे: स्वतःच्या शरीरासाठी राखलेला, पगारी वेळ. एकीला तो हलण्यासाठी हवा, दुसरीला थांबण्यासाठी.

हा वेळ दान म्हणून मिळत नाही, तो कायद्याने मिळवावा लागतो. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूतिविषयक विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले की, प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ साली देशभराचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. पण ही रजा नियमित आस्थापनेतील स्त्रीची. भार पुष्कळसा मालकावर पडत असल्याने काही मालक तरुण स्त्रीला कामावर घेण्यासच कचरतात. १९२८ साली सरकारी वाट्याचा आग्रह का धरला गेला, ते यावरून कळावे.

असंघटित स्त्रीसाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचे वचन दिले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत ते ५,००० रुपयांवर आणि पहिल्या अपत्यापुरते आले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये, अशी भर पडली. साधा भागाकार करावा. २६ आठवड्यांचे १८२ दिवस. ६,००० रुपये त्यांवर वाटले तर दिवसाला ३३ रुपये पडतात. एवढ्या रकमेवर कोणती बाई मजुरी सोडून घरी बसेल? २०१५ पासून २१ जून हा योगदिन थाटाने साजरा होतो. त्यास विरोध करण्याचे कारण नाही. पण शासनाला योगाची खरी आस्था असेल, तर आधी गर्भवतीच्या दिवसातला एक तास मोकळा करून दाखवावा.

मग शाखांनी काय करावे? मागणी दुहेरी असावी: प्रसूतिलाभ किमान वेतनाशी जोडावा, अपत्याच्या क्रमाची वा लिंगाची अट न ठेवता प्रत्येक स्त्रीला द्यावा आणि त्याचा खर्च सरकारने सोसावा, ऊसतोडीच्या हंगामात गर्भवतीची उचल व मजुरी यांना संरक्षण मिळावे. परंतु मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशी तपासणी झालेल्या, डॉक्टरांनी संमती दिलेल्या स्त्रियांसाठी अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात आठवड्यातून दोनदा एक तास मिळविता येईल. तेथे पडद्यावर चांगली मराठी चित्रफीत अवश्य लावावी. पण समोर एक जाणती शिक्षिका असावी आणि शेजारी गावची आशा असावी. त्या आशाताईंना हे काम ‘सेवा’ म्हणून फुकट करावयास लावू नये. त्यांनाही मोबदला मिळावा. आणि ज्या बाईचे अंग दिवसभराच्या कामाने मोडले आहे, तिने तेथे येऊन नुसते कुशीवर निजावे. एक तास तिला कोणी उठवू नये.

घरात एकटीने फोनसमोर व्यायाम करणारी स्त्री आपल्या सोयीपुरता मार्ग काढते, त्यात तिची चूक नाही. तिला चार जणींत आणणे आणि त्या चार जणींचा तो तास मजुरीसकट त्यांच्या नावावर करून देणे, हे काम चळवळीचे आहे. येत्या ९ तारखेला प्रत्येक शाखेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, किती जणी आल्या आणि किती जणी कामावरून सुटू न शकल्याने येऊ शकल्या नाहीत, याची नोंद करावी. कामाची सुरुवात त्या दुसऱ्या यादीपासून व्हावी.