कपाटातला राउटर

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा छापून सर्वांच्या हाती दिलेला आहे, तिथेच वाचावा. प्रस्तुत वक्त्याच्या मनात एक तक्रार बरीच वर्षे साठून आहे आणि आजचा वेळ तिलाच लागणार आहे.

तक्रार अशी, की हॅम, म्हणजे आपण हौशी रेडिओवाली मंडळी, राउटर विकत घेतो, त्यात नवे फर्मवेअर भरतो, एका रविवारी असे चार राउटर, म्हणजे नोड, एकमेकांना जोडून फोटो काढतो आणि मग ‘आपत्तीच्या वेळी उपयोगी पडेल’ म्हणून सारे कपाटात ठेवून देतो.

हे राउटर आपल्या हाती कसे आले ते आठवावे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी बाजारात आला. घरगुती वाय-फायसाठी केलेली निळी-काळी डबी, वर दोन अँटेना. आत लिनक्स चालते हे काही महिन्यांतच उघड झाले, आणि जीपीएल या खुल्या परवान्याच्या अटींमुळे २००३ मध्ये कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून ओपन-डब्ल्यूआरटी हे खुले फर्मवेअर जन्मले. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या हॅमनी त्याच डबीवर एचएसएमएम-मेश हे नोडचे जाळे उभे केले. पुढे त्याचे ब्रॉडबँड-हॅमनेट झाले, आणि त्याच परंपरेतला एआरईडीएन हा प्रकल्प आज युबिक्विटी, मायक्रोटिक, टीपी-लिंकच्या उपकरणांवर चालतो. नोडला फक्त कॉल-साइन द्यायचे; शेजारचे नोड तो स्वतः शोधतो, वाट स्वतः आखतो, आणि मधला एखादा बंद पडला की दुसरी वाट धरतो.

यातली खरी करामत पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत हौशी रेडिओचा एक पट्टा २३९० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, तर वाय-फायची पहिली वाहिनी साधारण २४०१ पासून. म्हणजे अशा एखाद्या राउटरला फर्मवेअर बदलून २३९७ वर आणले आणि वाहिनीची रुंदी वीसवरून दहा किंवा पाच मेगाहर्ट्झ केली, की तो शेजारपाजारच्या वाय-फायच्या गर्दीतून जवळपास बाहेर पडतो. रुंदी निम्मी केली की कानावर पडणारा गोंगाटही निम्मा होतो. वेग कमी होतो, पल्ला वाढतो. सोल्डरिंग नाही, नवे यंत्र नाही.

एवढे हाती असताना आपण काय गमावले? १९८१ मध्ये हँक मॅग्नुस्की यांनी हौशी रेडिओसाठी ४४ ने सुरू होणारे सगळे इंटरनेट पत्ते मिळवले, एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. इंटरनेट तेव्हा प्रयोगशाळांतच होते. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा, सुमारे बेचाळीस लाख पत्ते, अ‍ॅमेझॉनला विकला गेला. दहा कोटी डॉलरहून अधिक आले, त्यातून आज चांगल्या प्रकल्पांना अनुदाने मिळतात, हे मान्य. पण विक्री शक्य झाली ती तो हिस्सा बहुतांश रिकामा पडून होता म्हणूनच. ३.३ ते ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचेही तेच. अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामकाने २०२० मध्ये तिथला हौशी मंडळींचा दुय्यम हक्क काढण्याचे ठरवले आणि एप्रिल २०२२ मध्ये वरचा भाग बंदही झाला. लिलावाच्या पैशापुढे आपले फार चालले नसते. तरीही, त्या पट्ट्यात रोज वाहणारी शेकडो जाळी दाखवता आली असती, तर आपल्याला काही बोलायला तरी जागा राहिली असती.

‘पण खरी गरज आपत्तीतच ना?’ असे इथले काही ज्येष्ठ म्हणतात. प्रस्तुत वक्ता नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये असताना तिथल्या एका क्लबचा सराव त्याने पाहिला. कपाटातून नोड काढले. एक दहा मेगाहर्ट्झ रुंदीवर, दुसरा पाचवर. त्यांना एकमेकांचे काही ऐकूच येईना. तिसऱ्याचे फर्मवेअर जुने, आणि पासवर्ड ज्याला ठाऊक तो गृहस्थ गाव सोडून गेलेला. दुसरीकडे एक जोडणी थंडीत तपासून पसंत केलेली होती. वसंतात मधल्या झाडांना पालवी फुटली आणि ती मेली. ओली पाने या लहरींना फार अडवतात. सह्याद्रीच्या पावसाळ्यात काय होईल हे कोणत्याही हस्तपुस्तिकेत सापडणार नाही. जोडणी बारा महिने चालू ठेवली तरच कळेल.

‘मोबाइल असताना हे कशाला?’ या दुसऱ्या वादाला उत्तर पोर्ट ब्लेअरचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तिथे हौशी रेडिओच्या मोहिमेवर गेले होते. त्सुनामी आली तेव्हा त्यांचे केंद्र उभे होते, अँटेना जुळलेली होती, हात रुळलेले होते. म्हणूनच अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. ते यंत्र राउटर नव्हते, शॉर्टवेव्हचे होते. पण ते आदल्या दिवशीही चालू होते, आणि मुद्दा तोच आहे.

रोज चालणाऱ्या जाळ्याचे उदाहरण म्हणून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या हॅमनेट या हॅमच्या जाळ्याकडे पाहावे. डोंगरमाथ्यावरचे रिपीटर त्याच जाळ्याने जोडलेले आहेत, म्हणून ते रोज वापरले जाते आणि बिघडले की त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येते. राहिला तिसरा आक्षेप. आपल्याकडे खुल्या संदेशांविषयी कुरकुर चालते, की कूटभाषा नाही तर सुरक्षा कसली. संदेश कुणी पाठवला हे सहीने सिद्ध करता येते. त्यासाठी मजकूर झाकावा लागत नाही. हौशी लहरी सर्वांना ऐकू याव्यात हा आपल्या परवान्याचा पाया आहे, आणि तो सोडण्याला प्रस्तुत वक्त्याचा ठाम विरोध आहे.

आता करायचे काय? अमेरिकेतल्या त्या खास वाहिन्या इथे तशाच उचलता येणार नाहीत. पण २.४ गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा भारतात २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त आहे, आणि मेशचा सराव साध्या वाहिनीवरही होतो. कोथरूडच्या तीन-चार गच्च्यांपासून सुरुवात करावी. फर्मवेअर भरण्याची मराठी टिपणे कुणीतरी लिहावीत. हवामानयंत्राचे आकडे, रिपीटरची जोडणी, एखादा कॅमेरा, काहीही चालेल, पण जाळ्यात रोज काहीतरी वाहिले पाहिजे. पावसाळ्यातल्या नोंदींसाठी एक वही ठेवावी. तिचा नमुना कार्यकारिणीने ठरवावा. चहानंतर मागच्या खोलीत बसू. ज्यांच्या घरी जुने राउटर पडून आहेत, त्यांनी मॉडेलचे नाव आणि आवृत्ती लिहून द्यावी. डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती मात्र आणू नये: तिची स्मृती निम्मी केलेली आहे आणि आपले फर्मवेअर तिच्यात मावत नाही.