आईला दोष नको, तिचा हक्क द्या

मी डॉक्टर नाही, साइट सुपरवायझर आहे. पण मूल ऑटिस्टिक आहे कळलं की आपल्यात आधी आईला बोल लावतात, ते थांबवा. ऑटिझममध्ये जनुकांचा वाटा मोठा असतो. आईची माया कमी पडली किंवा लस दिली, म्हणून तो होत नाही.

गरोदरपणी साखर, ताप अंगावर काढू नका. कावासाकीत वॉर्ड ऑफिसात नोंद केली की आई-बाळाची आरोग्य पुस्तिका आणि तपासणीची कुपनं मिळतात. कामगार कायदा परदेशी बाईलाही लागू आहे: हलकं काम मागता येतं, बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे रजा. गरोदर म्हणून काढून टाकणं बेकायदा.

मुलाची दीड आणि तीन वर्षांची तपासणी चुकवू नका. हाकेला वळत नसेल तर तिथंच सांगा. लाजेपायी उशीर झाला तर नुकसान मुलाचं.